गोरेगावचा तबेला: दूध घेण्याआधी म्हशी मोजल्या

पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे सांगते.

तबेल्याचं नाव लिहीत नाही. लिहू का म्हणून मालकाला विचारलं तर तो म्हणाला, "नको मावशी, गिऱ्हाईक वाढलं तर त्यांना देऊ काय? दूध तेवढंच आहे." गोरेगाव पूर्वेला हायवेच्या अलीकडच्या गल्ल्यांत जे जुने तबेले उरलेत त्यांतला हा एक, एवढं कळलं तरी पुरे. शेजारच्यांना वासावरूनच सापडेल.

माझी नोकरी सरकारी दुग्धशाळेच्या प्रयोगशाळेत गेली. सकाळी टँकर यायचे, आम्ही नमुने काढायचो. १० मिली सल्फ्युरिक ॲसिड, त्यावर पावणेअकरा मिली दूध, १ मिली अमाइल अल्कोहोल, बुच लावून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं आणि नळीत वर आलेला पिवळा थर, म्हणजे दुधातलं फॅट, वाचायचा. हे सगळं हातात इतकं बसलंय की निवृत्तीनंतरही कुठलं दूध पाहिलं की त्याचं फॅट किती असेल याचा अंदाज मनात सुरू होतो. सूनबाई म्हणते, आई, चहा प्या आधी.

पिशवीचं दूध वाईट असतं असं मी कधीच म्हणणार नाही. तसं म्हणायला मी त्या बाजूला फार वर्षं उभी होते. पण घरात बासुंदी आणि दही माझ्या हातचं लागतं, आणि त्याला म्हशीचं दाट दूध हवं. म्हणून तबेल्याचं दूध शोधायला निघाले. आता तबेल्याचं दूध म्हटलं की लोक काय बघतात? साय किती जाड आली, नखावर थेंब ठरतो का, फेस किती. यातलं काहीच फारसं कामाचं नाही. मी आधी तबेल्याचा परवाना बघते आणि मग म्हशी मोजते.

हसू नका. मुंबईसारख्या शहरात कुणालाही वाटेल तितक्या म्हशी आणून बांधता येत नाहीत. राज्याचा १९७६ चा कायदा आहे, नागरी भागात गुरं पाळण्यावर आणि त्यांच्या ने-आणीवर नियंत्रण ठेवणारा. परवाना लागतो, आणि त्यात गुरं कुठे आणि किती हे ठरलेलं असतं. जनावर आत आणायचं, बाहेर न्यायचं, तरी मोकळं रान नाही. शिवाय महापालिकेचा १८८८ चा कायदा वेगळा. आता हा परवान्यातला आकडा म्हणजे माझ्या दृष्टीने दुधाची घनता मोजणाऱ्या लॅक्टोमीटरपेक्षा भारी गोष्ट आहे, कारण म्हशीच्या कासेला नळ नसतो.

या तबेल्यात परवाना ४५ जनावरांचा. गल्ल्याच्या मागे, देवाच्या फोटोशेजारी, प्लास्टिकच्या पाकिटात लावलेला. मी चष्मा लावून वाचला तेव्हा गल्ल्यावरच्या मुलाने विचारलं, "काय इन्स्पेक्टर आहात का?" मी म्हटलं, गिऱ्हाईक आहे, त्याहून वाईट. आत जाऊ दिलं, हे महत्त्वाचं. ४१ जनावरं उभी होती. मालक म्हणाला, ३६ दुभत्या, बाकीच्या आटत आल्यात. मुऱ्हा आणि मेहसाणा, शहरातल्या तबेल्यांत बहुतेक असतात तशा. अशा दुभत्या म्हशीचं दिवसाला सरासरी आठ-साडेआठ लिटर धरा. ३६ गुणिले साडेआठ, म्हणजे तीनशेच्या वर थोडं. गल्ल्यावरच्या पाटीवर खडूने लिहिलेलं: सकाळ १६५, संध्याकाळ १३५. बेरीज ३००. पारड्यांचं आणि घरच्यांचं थोडं सोडलं तर हिशेब चोख जुळतो.

हा हिशेब तुम्हीही करू शकता, त्याला लॅब लागत नाही. याच रस्त्यावर पुढे एक डेअरी आहे, "तबेल्याचे ताजे दूध" अशी पाटी. तबेला कुठे विचारलं की हात हवेत उत्तरेकडे जातो. रात्री अकराला गेलात तरी दूध आहे. कोजागिरीला तर मी मुद्दाम पाहिलं: आमच्या तबेल्याचं शटर साडेसहाला खाली, "संपलं, उद्या या," आणि तिकडे मध्यरात्रीपर्यंत भगोणी भरणं चालू. त्यांच्या म्हशींनी त्या दिवशी ओव्हरटाइम केला असेल. आता बाहेरून टँकरने आलेलं दूध म्हणजे भेसळीचंच, असं नव्हे. मुंबईचं बहुतेक दूध बाहेरूनच येतं आणि चांगलं येतं. पण मग ते तबेल्याचं म्हणून तबेल्याच्या भावाने विकू नका ना. कोजागिरीला ज्याचं दूध संपतं तो दुकानदार मला आवडतो. त्या दिवशी आम्ही मसाला दूध पिशवीचंच केलं, आणि छान झालं.

भाव: लिटरला ९५ रुपये. पिशवीच्या मलईवाल्या दुधापेक्षा पंचवीसेक रुपये जास्त. तबेल्यांच्या दुधाचा घाऊक भाव मुंबईत उत्पादकांची संघटना ठरवते. १ मार्च २०२३ ला तो ८० वरून ८५ झाला होता, तेव्हापासून चढतोच आहे. सरकीची पेंड, चुणी, हिरवा चारा, सगळंच महाग. घासाघीस करू नका. करूनही कमी होत नाही, आणि झाला भाव कमी तर मला उलट काळजी वाटेल.

आता दुधाबद्दल. घरी माझ्याकडे लॅक्टोमीटर आहे, ॲसिड मी ठेवत नाही, नातू लहान आहे. लॅक्टोमीटरवर हे दूध ३० च्या आसपास येतं. एक गोष्ट लक्षात ठेवा, धार काढल्या काढल्या मोजू नका. ताज्या दुधात हवा असते, फॅट अजून बसलेलं नसतं, काटा कमी दाखवतो आणि तुम्ही बिचाऱ्या भैयाशी भांडायला जाता. तास-दोन तास थांबा. आणि लॅक्टोमीटरवर फार विसंबूही नका. मलई काढून घेतली की आकडा वर चढतो, मग त्यात पाणी घातलं की पुन्हा जागेवर येतो. हे गणित आमच्या काळच्या प्रत्येक दूधवाल्याला पाठ होतं, आजच्यांना नसेल असं समजायचं कारण नाही.

म्हणून एक नमुना ओळखीच्या खासगी लॅबमध्ये गर्बरने, म्हणजे वर सांगितलेल्या ॲसिडच्या पद्धतीने, करून घेतला. फॅट ६.८, फॅटेतर घन पदार्थ ९.१. उत्तम. पूर्वी महाराष्ट्रात म्हशीच्या दुधाला किमान ६ टक्के फॅट लागायचं. आता देशभर एकच नियम, ५ टक्के फॅट आणि ९ टक्के फॅटेतर घन पदार्थ. याचा अर्थ कळला का? सात टक्क्यांच्या दुधावरून कुणी दीड टक्का मलई हळूच उचलली, तरी फॅटच्या तपासणीत ते पास होतं. कायद्याने दुधातून काही काढायला परवानगी नाही, पण नळीला ते दिसत नाही. इथे ६.८ आलं म्हणजे मलई जागेवर आहे. साय मुद्दाम सांगण्यासारखी येते, दही कवडीसारखं लागतं, आणि बासुंदीला आटवताना माझा गॅस निम्मा वाचतो. उन्हाळ्यात दूध थोडं पातळ होईल, तेव्हा तक्रार करू नका. उष्मा जास्त, म्हैस कमी खाते.

उकळणं मात्र हवंच. "शुद्ध आहे, कच्चं प्या" असं गल्ल्यावरचा मुलगा एका तरुण बाईला सांगत होता, तिथे मी मध्ये पडले. शुद्ध दुधातूनही ब्रुसेलोसिस होतो, क्षय होतो. जिमवाल्या पोरांनीही ऐकावं.

चीक मिळतो का, असं बरेच जण विचारतात. क्वचित. शहरातल्या तबेल्यात म्हैस बहुधा व्यालेलीच आणतात, दुभतेपण संपलं की विकतात, तिथे चिकाचे दिवस येणार कुठून? रोज खरवस विकणाऱ्या दुकानांकडे मी त्याच नजरेने बघते.

कागदपत्रांकडे परत. खाद्यपदार्थ विकणाऱ्याला लागणारा १४ आकडी नंबर दर्शनी भागात आहे. लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा देतात; ती कधी दिली याची नोंदवही मागितली तर पुढे केली, पानांना पेंडीचा वास. आणि कानातला बिल्ला. प्रत्येक जनावराच्या कानात १२ आकडी पिवळा बिल्ला असायला हवा, महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून त्याशिवाय खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही. मला एक म्हैस बिनबिल्ल्याची दिसली, तिसऱ्या रांगेत, शिंग मोडलेली. विचारलं तर आधी "लावायचाय", मग "तुटून पडला, गव्हाणीत घासते ती". कान बघितला तर खरंच भोक होतं, कडेला फाटलेलं. पुढे एकदा गेले तेव्हा दुसऱ्या कानात नवा बिल्ला होता आणि मालक मला तिकडेच घेऊन गेला, बघा म्हणून. ही गोष्ट मला दुधापेक्षाही आवडली. प्रश्न विचारल्यावर जो माणूस चिडत नाही, त्याच्याकडे रोज जाता येतं.

इंजेक्शनचं विचारलंच. पान्हा सोडवायला ऑक्सिटोसिन टोचतात, हे सगळ्यांना माहीत आहे. ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नसतं, आणि १९६० च्या प्राण्यांच्या छळ प्रतिबंधक कायद्याचं बारावं कलम तर थेट याच प्रकारावर आहे: फुका आणि डूम देव या दूध काढायच्या क्रूर पद्धती, दूध वाढवण्यासाठी जनावराला अपाय करणारं काहीही टोचणं, दोन वर्षांपर्यंत कैद. फुका म्हणजे काय ते जेवताना सांगण्यासारखं नाही. लोक घाबरतात ते इंजेक्शन दुधात उतरेल म्हणून. मला म्हशीची काळजी जास्त वाटते, रोज दोनदा कळा देऊन दूध काढायचं तिचं. इथे दुपारच्या धारेला मी थांबून पाहिलं. पुढ्यात आंबोण ठेवलं, कास धुतली, चोळली, तीन-चार मिनिटं गेली आणि पान्हा आला. काहींना पारडू लावलं. एक म्हैस हट्टी होती, तिने लाथ मारून बादली सांडली. भैयाने शिवी दिली, पण हात उगारला नाही.

आणि इथेच तो तारा गेला. पारडी मला सात-आठच दिसली, त्यातही रेडे दोन. ३६ दुभत्या म्हशींमागे सात-आठ पारडी? बाकीची कुठे? "गावाला पाठवतो," मालक म्हणाला. कोणत्या गावाला, कोणाकडे, याचं उत्तर नाही आलं. एरवी नोंदवही पटकन काढणारा माणूस इथे पाटीवरचा खडू पुसत बसला. शहरात जागा मोजकी, परवान्यातला आकडा मोजका, त्यात दूध न देणारं जनावर कोण पोसेल, हे मलाही कळतं. रेड्याला तर शेतावरही आता काम उरलं नाही. हा याच तबेल्याचा दोष नव्हे, सगळ्या धंद्याचा आहे. पण तारे मी याच तबेल्याला देतेय, म्हणून इथेच कापले.

शेणाचंही थोडं बोलते. मुंबईतले बरेच तबेले शेण पाण्याच्या पाइपने सरळ नाल्यात ढकलतात. दहिसर, ओशिवरा, मिठी, कुठल्याही नदीकाठी उभं राहून बघा. इथे सुकं शेण मागे ढिगात ठेवून नर्सरीवाल्यांना देतात. धुण्याचं पाणी मात्र गटारातच जातं. अर्धे गुण.

तबेला शहरात असावाच का, हा प्रश्न आमच्या इमारतीत रोज निघतो. जुना आहे तो. १९४९ साली आरे वसाहत उभी राहिली ती मुळात शहरातले तबेले बाहेर काढून म्हशींना मोकळी जागा द्यायला. सरकारी दूधखात्याचे अधिकारी दारा खुरोडी यांचं ते काम, पुढे १९६३ ला त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १,२८७ हेक्टर जमीन, १६ हजार जनावरांची सोय. आम्ही प्रशिक्षणाला तिथल्या युनिटांत गेलो होतो, गवत कमरेएवढं. मग शहरच आरेच्या पलीकडे गेलं. नंतर उरलेले तबेले डहाणूकडे दापचरीला न्यायचा विषय न्यायालयापर्यंत गेला. तरी काही आहेत इथेच. मला विचाराल तर ज्यांच्याकडे परवाना आहे, आकडा पाळतात, शेण आवरतात, त्यांना राहू द्यावं. बाकीच्यांबद्दल माझं मत इमारतीसारखंच आहे.

इमारतीवरून आठवलं. तबेला बंद करा म्हणून सह्या गोळा करणारे आमच्या चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ, त्यांच्याकडे लॅब्राडोर आहे. गोड कुत्रा, मला बघितलं की आडवा पडतो. सोसायटीने मागे कुत्रा नको म्हणून ठराव करायचं काढलं तेव्हा मीच त्यांच्या बाजूने बोलले होते. प्राणी कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक स्पष्ट आहे: बहुमत असलं तरी सोसायटीला पाळीव प्राण्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरल्याचे वेगळे पैसेही घेता येत नाहीत. पण महापालिकेचा कुत्र्याचा परवाना काढलात का, विचारलं, तर म्हणे, "त्याला कुठे परवाना लागतो?" लागतो. मुंबईत कुत्रा पाळायला महापालिकेचा परवाना लागतो, त्यासाठी रेबीजच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं, आणि अर्ज घरबसल्या ऑनलाइन होतो. ४१ म्हशींचे कागद दाखवणारा एकीकडे, आणि एका कुत्र्याचा कागद नसलेला माणूस सह्यांची वही घेऊन दुसरीकडे. मी सही केली नाही. परवाना काढून आणा मग बघू, म्हटलं. अजून वही परत आलेली नाही.

जाणार असाल तर: धार पहाटे तीनच्या सुमाराला आणि दुपारी तीनला काढतात, गल्ल्यावर दूध सकाळी पाचपासून आणि दुपारी चारपासून. संध्याकाळी सहानंतर नशीब. स्टीलची किटली किंवा डबा न्या, प्लास्टिकच्या पिशवीत ओतायला सांगू नका, मुलगा देतो पण वास राहतो. घरपोच सेवा जुन्या गिऱ्हाइकांनाच. पैसे मोबाइलवरून चालतात, मात्र महिन्याचं खातं हवं असेल तर मालकाशी बोला, त्या मुलाला वही लिहिता येत नाही. म्हशी बघायच्या म्हणालात तर दुपारची वेळ बरी. लहान मुलांना रांगांच्या मागून फिरवू नका, त्या मोडक्या शिंगाच्या म्हशीच्या मागून तर नाहीच. पावसाळ्यात गल्लीच्या तोंडाशी पाणी साचतं, तेव्हा पलीकडच्या पिठाच्या गिरणीकडून वाट आहे.